तिसऱ्या मजल्यावर जाऊन सांगणे

देवीदास उमाळे हा माणूस मला पहिल्या दिवशी अजिबात आवडला नव्हता. मार्च सरत आला होता, अकोल्याचं ऊन आत्ताच चावायला लागलं होतं, सकाळी अमरावतीहून निघालेली मी घामाने चिंब, आणि हा गृहस्थ दारात आडवा उभा. "चपला बाहेर काढा ताई. अन् थ्या खुर्चीवर बसू नका, थे माही हाये." खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. मी एका लाकडी खोक्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मनात म्हटलं, वा! आठ दिवस या माणसासोबत काढायचे आहेत.

मी वर्षाली. यंत्रं कशी चालवायची याची माहिती लिहून देणं हा माझा धंदा. नवा मिक्सर घेतला की सोबत एक पुस्तिका येते आणि ती कोणी उघडत नाही. तशा पुस्तिका मी लिहिते, फक्त माझी यंत्रं मोठी असतात. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरूनच करायचे, वर्षावर्षाच्या करारावर. त्या वर्षीचा करार एप्रिलअखेर संपत होता. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, अकोल्याचा दस्तऐवज नीट झाला तर पुढचं वर्ष पक्कं. माझी लेक खुशी तेव्हा चार वर्षांची होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण ते रोज डोक्यात होतं, म्हणून सांगते.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. खाजगी होतं, बऱ्यापैकी मोठं होतं. तळमजल्यावर, जिन्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून ही खोली आणि खोलीत दोन कपाटं भरून सर्व्हर. वर तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभाग, खाटा चौदा. प्रत्येक खाटेजवळचं यंत्र रुग्णाच्या हृदयाचे ठोके मोजायचं, श्वास मोजायचं, आणि ती सगळी माहिती खाली या खोलीत येऊन पुन्हा वर सिस्टरांच्या टेबलावरच्या एका मोठ्या पडद्यावर जायची. एका जागी बसून एक सिस्टर चौदा खाटा पाहू शकत होती. कुणाचं काही बिनसलं की पडदा लाल व्हायचा आणि ओरडायचा.

आता अडचण अशी, की सर्व्हरचं डोकं म्हणजे प्रोसेसर. तो पूर्ण वेगाने चालवला की काम झटपट होतं, पण तो तापतो. वेग कमी केला की थंड राहतो, पण काम रेंगाळतं. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला जाऊन बसतो. दुपारी पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एसी थकतात. अशा वेळी प्रोसेसर पूर्ण वेगाने चालू ठेवला तर तापून सर्व्हर आपोआप बंद पडतो आणि मग वरचा पडदा पार काळा. म्हणून दुपारी दोन-तीन तास वेग उतरवायचा. सेटिंग बदलायची, उन्हं कलली की परत चढवायची. देवीदासभाऊ बारा वर्षं हे करत होते.

भाऊ काही संगणक शिकलेले नव्हते. घर माळ्याचं, अकोल्याच्या शिवेवर भाजीचा मळा, दोन भाऊ वांगी-मेथी पिकवून बाजारात बसणारे. हे आयटीआयला वायरमनचं शिकले आणि रुग्णालयात लागले. सर्व्हर आले तेव्हा खोलीची किल्ली कोणाकडे द्यायची हा प्रश्न पडला, ती यांच्याकडे आली आणि राहिली. बघून बघून सगळं शिकले. इंग्रजी अक्षर अन् अक्षर जुळवून वाचायचे, पण वाचल्याशिवाय बटन दाबायचे नाहीत. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, गळ्यात पांढरा दुपट्टा. बोलणं असं, की पुण्याच्या माणसाला वाटावं भांडण चाललंय.

आणि पुण्याच्याच माणसांनी ठरवलं होतं की हे सगळं आता पुण्याहून करायचं. सर्व्हरच्या पोटात एक छोटं वेगळं यंत्र असतं. सर्व्हर झोपला तरी ते जागं असतं आणि बाहेरून आलेला हुकूम पाळतं. हुकूम कोणी दिला, कुठून दिला, वर कोण निजलेलं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुण्यात बसून अमोल नावाचा एक हुशार मुलगा अशा सोळा रुग्णालयांचे सर्व्हर सांभाळणार होता. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, त्यातला हा प्रकार. आणि उंटावर बसणाऱ्याच्या हातात द्यायचा कागद मी लिहिणार होते. भाऊ काय करतात ते पायरी पायरीने टिपायचं, मग भाऊंची गरज संपली. हे त्यांनाही माहीत होतं. कोणी लपवलं नव्हतं.

तरी त्यांनी काही हातचं राखलं नाही, याचं मला पहिले दोन दिवस नवल वाटलं. तापमान कुठं पाहायचं, कितीला सावध व्हायचं, कोणता सर्व्हर आधी उतरवायचा, कोणता शेवटी, सगळं सांगितलं. मी भरभर लिहीत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता आकडा चढला. मी म्हटलं, "चला भाऊ, आता करून दाखवा."

भाऊ उठले, दुपट्ट्याने मान पुसली आणि खोलीबाहेर चालू लागले.

"कुठं चालले?"

"वर."

मीही मागोमाग गेले. लिफ्ट रुग्णांसाठी म्हणून हा माणूस जिन्यानेच जायचा. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दारातून आत डोकं घालून म्हणाले, "आकांक्षा सिस्टर, मशीन हळू करून राहिलो. पडद्यावर भरोसा ठेवू नका. दोघीजणी खाटेपाशी फिरा."

टेबलावरची सिस्टर उठली. दुसरीला हाक मारली, दोघी खाटांकडे गेल्या. मग तिने हात वर करून सांगितलं, "हो भाऊ, फिरून राहिलो आम्ही."

हे 'हो' ऐकल्यावर भाऊ खाली आले आणि तेव्हा कुठं त्यांनी सेटिंग बदलली. वेग उतरला. मी उत्सुकतेने पुन्हा वर जाऊन पाहिलं. पडद्यावरच्या रेघा चालत होत्या, छान चालत होत्या. फक्त त्या आत्ताच्या नव्हत्या. खाटेजवळच्या यंत्रावर जे आत्ता होत होतं ते पडद्यावर तीन-चार मिनिटांनी येत होतं. बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. मी घड्याळ लावून दोनदा ताडून पाहिलं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. म्हणजे मला कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

अडीच तासांनी भाऊ परत जिना चढले, "झालं सिस्टर, बसा आता," म्हणून सांगून आले.

"लिहिलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पाचवी पायरी. तिसऱ्या मजल्यावर जाऊन सांगणे. अन् वरून हो आल्याशिवाय बटन दाबायचं नाई, हे बी लिहा."

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? तेव्हा त्यांनी मळ्यातली विहीर सांगितली. त्यांच्याकडे रीत होती, मोटर चालू करायच्या आधी विहिरीत वाकून हाक मारायची, "कोणी हाये का बे खाली?" खालून उत्तर आलं नाही तरी अंमळ थांबायचं, परत हाक मारायची, मग स्टार्टर. एका वर्षी चुलते गाळ काढायला उतरले होते. स्टार्टर दाबणाऱ्याने हाक मारली नाही. चुलते वाचले, पण उजवा हात कोपरापासून गेला.

"त्या माणसाचं काय झालं? दाबणाऱ्याचं?"

"थो माहा बाप," भाऊ म्हणाले. "त्यानं मंग मरेस्तोर स्टार्टरले हात नाई लावला."

मी पाचवी पायरी लिहिली. खरंच लिहिली, अगदी त्यांच्या शब्दांच्या जवळ जाणारी. एकूण बारा पायऱ्या झाल्या. मसुदा पुण्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. पाचव्या पायरीवर लाल रेघ होती, शेजारी शेरा: 'या पायरीला जागेवर माणूस लागतो. हा दस्तऐवज दूरस्थ व्यवस्थापनाचा आहे. काढून टाका.'

मी फोन करून भांडायला हवं होतं. एरवी मी एका शब्दासाठी तासभर भांडते. फार नाही, 'जाऊन सांगणे'च्या जागी 'फोन करून सांगणे' एवढं जरी सुचवलं असतं तरी पुरलं असतं! पण ते करायचं म्हणजे वॉर्डात फोन कोण उचलणार, कोणत्या नंबरवर, नाही उचलला तर काय, असे दहा प्रश्न, दहा बैठका, आणि करार संपायला उरले होते बावीस दिवस. मी ओळ निवडली आणि खोडली. पुढच्या पायऱ्यांचे आकडे आपोआप एकेकाने मागे सरकले. बारा होत्या, अकरा झाल्या. कुठं भोक दिसत नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी सहीसाठी कागद घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. शेवटच्या पानावर वाक्य होतं: 'माझ्याकडील सर्व माहिती या दस्तऐवजात आलेली आहे.' खाली भाऊंचं नाव. भाऊंनी चष्मा लावला, दुपारभर एकेक ओळ बोटाने वाचली. मग बोट थांबलं.

"ताई, पायरी गायब हाये."

"भाऊ, ती तांत्रिक पायरी नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे... मशीनची नाही ती. माणसाची आहे. रुग्णालयाने आपलं पाहावं."

"कोण पाहीन? तुमी सांगतलं का त्यायले?"

मी सांगितलं नव्हतं. "सांगेन," म्हटलं.

भाऊंनी कागद खाली ठेवला. "माही नोकरी चालली, थे जाऊ द्या. मळा हाये, भाऊ हायेत, भाकर भेटीन. पण वर सांगीन कोण? थ्या पोरी पडद्याकडं पाह्यत बसतीन अन् पडदा खोटं बोलून राहीन. एखांद्याचा जीव जाईन ना ताई."

मला राग आला. खरं ऐकलं की येतो तसा. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही सही नाही केली तर माझं काम अडतं. माझं पुढचं वर्ष याच्यावर आहे. घरी लहान लेकरू आहे माझं." हे बोलताना माझा आवाज रडवेला झाला होता, आणि तो मी जरा जास्तच होऊ दिला.

त्यांनी खिशातला पेन काढला. "तुमचं अडत असन तं करतो," म्हणाले. "पण तुमी सांगजा बरं त्यायले." सही केली, खाली तारीख घातली, आणि मला चहा पाजून जिन्यापर्यंत सोडायला आले.

तीस एप्रिलला भाऊंनी किल्ली परत केली. एक मेपासून पुण्याहून अमोल वेग उतरवू लागला. माझा करार झाला. रुग्णालयाला मी काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवत होते, पण सांगायचं म्हणजे दस्तऐवज अपुरा आहे हे माझ्याच तोंडाने म्हणायचं.

दहा मेच्या सुमारास रुग्णालयाच्या व्यवस्थापकांचा मेल आला. निवृत्त कर्मचारी देवीदास उमाळे रोज दुपारी बाराच्या ठोक्याला तिसऱ्या मजल्यावर येतात, जिन्यात बसून राहतात, मधूनच सिस्टरांना 'पडद्यावर भरोसा ठेवू नका' म्हणून सांगतात, कर्मचारी घाबरतात. आपल्या दस्तऐवजात अशी काही पायरी आहे का?

मी तो मेल तीनदा वाचला. मळा गावाच्या या टोकाला, रुग्णालय त्या टोकाला. म्हणजे हा माणूस रोज सेहेचाळीस अंशांत सायकल मारत येत होता. पुण्याहून वेग नेमका केव्हा उतरणार हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून अंदाजाने येऊन बसायचा आणि उन्हाचा रंग बघून सांगायचा. पगार नाही, कोणी बोलावलं नाही. मग मी उत्तर लिहिलं: 'दस्तऐवजात अशी कोणतीही पायरी नाही.' एकच ओळ. शब्दशः खरी. त्यासारखं वाईट वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंना गेटच्या आत सोडू नका असं पहारेकऱ्याला सांगण्यात आलं. ते गेटबाहेरच्या कडुलिंबाखाली उभे राहू लागले. हे मला नंतर आकांक्षा सिस्टरने सांगितलं. वरच्या खिडकीतून तिला त्यांचा दुपट्टा दिसायचा. तो दिसला की ती आपली उठून खाटांपाशी एक फेरी मारायची. कोणी सांगितलेलं नव्हतं तरी. पण तिची ड्यूटी रोज दुपारची नसायची.

बावीस मे, बुधवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी अमरावतीला घरी, कूलरसमोर, खुशीला वरणभात भरवत होते.

"ताई, देवीदास बोलून राहिलो. गेटावर हाये. एसीचं बाहेरचं यंत्र इथून दिसते, पंखा बंद पडला त्याचा. आतमधी भट्टी झाली असन. पुण्याहून आता हळू करतीनच. मले आत सोडून नाई राहिले. तुमी वर फोन लावा, आत्ताच्या आत्ता लावा. सिस्टरायले म्हणा उठा."

"लावते," मी म्हटलं.

मी आधी अमोलला फोन लावला. तो आनंदात होता. "मॅडम, पाच मिनिटांपूर्वीच खाली घेतला वेग. तापमान भयंकर चढलं होतं, अजून थोडं थांबलो असतो तर सगळं बंदच पडलं असतं. अकराच्या अकरा पायऱ्या केल्या. तुमचं डॉक्युमेंट एकदम सोपं आहे हो." त्याची काहीही चूक नव्हती, हे मी इथं लिहून ठेवते.

मग वर फोन लावायचा. वॉर्डाचा नंबर माझ्याकडे नव्हता; व्यवस्थापकांचा होता. त्यांना फोन केला तर ते विचारणार, हे तुम्हाला आज कसं आठवलं? दहा-बारा दिवसांपूर्वी तर अशी पायरी नाही म्हणालात. मी तोंडावर काय सांगणार होते? म्हणून मी मेल लिहायला घेतला. वर विषय लिहिला. 'खबरदारीचा उपाय म्हणून' असं एक वाक्य लिहिलं, खोडलं, 'सुचवावेसे वाटते' असं केलं. दोष कोणावरच येणार नाही अशी वाक्यं जुळवायला मला पंधरा मिनिटं लागली. ताटातला भात वाळून गेला. मेल गेला तो एक अठ्ठावीसला.

नऊ नंबरच्या खाटेवर माणिकबाई होत्या. चांदूर बाजारच्या, बासष्ट वर्षांच्या; अकोल्यात मुलाकडे, देवानंदकडे राहायला आल्या आणि छातीत दुखू लागलं म्हणून भरती केलेलं. सुधारत होत्या, शुक्रवारी घरी सोडणार होते. थंड हवा जाऊ नये म्हणून त्यांच्या खोलीचं काचेचं दार लावलेलं होतं, आणि पडदा आहेच म्हणून खाटेजवळच्या यंत्राचा आवाज कमी केलेला होता. आकांक्षा सिस्टरची त्या दिवशी सुट्टी. दोनपैकी एक सिस्टर जेवायला गेलेली. दुसरी टेबलावर बसून पडद्याकडे नीट लक्ष देऊन पाहत होती. नऊ नंबरची रेघ छान चालत होती. पडदा लाल झाला एक वाजून चोवीस मिनिटांनी. खाटेजवळच्या यंत्राच्या नोंदीत हृदय थांबल्याची वेळ आहे एक वीस.

चार मिनिटं आधी कळलं असतं तर बाई वाचल्या असत्या का, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. मी त्या 'खात्रीने' या शब्दाला धरून बरेच दिवस काढले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रुग्णालयाने चौकशी ठेवली. लांब टेबल, एका बाजूला व्यवस्थापक आणि एक ज्येष्ठ डॉक्टर, भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचे साहेब आणि अमोल. मला दस्तऐवज लिहिणारी म्हणून बोलावलं होतं, भाऊंना सही करणारे म्हणून. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मला पाहून म्हणाले, "आल्या का ताई? लेकरू बरं हाये ना?" मी मान हलवली.

आकांक्षा सिस्टरने आधीच सांगून टाकलं होतं की बारा वर्षं भाऊ वर येऊन सांगायचे, आणि मगच मशीन हळू व्हायचं. व्यवस्थापकांनी कागद भाऊंपुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

"माहीच हाये."

"सर्व माहिती यात आली आहे, असं वर लिहिलंय. वर जाऊन सांगायचं यात कुठं आहे?"

"नाई त्याच्यात."

"नाही हे सही करताना तुम्हाला माहीत होतं?"

"मालूम होतं."

"मग सही का केली?"

भाऊंनी कागद हळूच माघारी सरकवला. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरची अक्षरं वाचत होते.

डॉक्टरांनी जरा मऊ आवाजात विचारलं, "हे राहून गेलंय असं तुम्ही कोणाला बोललात का, भाऊ?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. वाट पाहिल्यासारखं पाहिलं, पूर्वी वरून 'हो' येईपर्यंत दारात थांबायचे तसे थांबले. मी मान वर केली नाही.

"आता थे इचारून काय होते," भाऊ म्हणाले. "सही माही हाये. माणूस गेलं. चुकलं माहं."

व्यवस्थापकांनी लिहून घेतलं. कर्मचाऱ्याने माहिती अपुरी दिल्याचे मान्य केले, असं काहीसं. साहेबांनी पुण्याहून मला एकच प्रश्न विचारला, दस्तऐवजात आवश्यक ती दुरुस्ती केव्हापर्यंत होईल? मी म्हटलं, "आज संध्याकाळपर्यंत." माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो. ऊन रणरणत होतं. भाऊ पुढे, मी दोन पावलं मागे, काय बोलावं याची जुळवाजुळव करत. गेटपाशी एक चाळिशीचा माणूस उभा होता. डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर पांढरी टोपी. आतली बातमी त्याच्यापर्यंत आमच्या आधी पोचली होती. त्याने भाऊंची कॉलर धरली.

"तुले मालूम होतं? अन् सांगतलं नाई तू?"

भाऊंनी हात वर उचलले नाहीत. बाजूलाच पडू दिले.

"माह्या मायले शुक्रवारी घरी न्याचं होतं. खोलीले चुना मारून ठेवला होता मी. काहून नाई सांगतलं रे? काहून?"

इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटन तुटून खाली पडलं. पहारेकरी पुढे आला, भाऊंनी मानेनेच त्याला थांबवलं. लोक जमू लागले. मग देवानंदची, माणिकबाईंच्या त्या मुलाची, नजर माझ्यावर गेली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"ह्या कोण हायेत?"

एक वाक्य पुरलं असतं. यांनी सांगितलं होतं, मी खोडलं. पोटापाण्यासाठी वाक्यं लिहिणारी बाई मी. हे पाच शब्दांचं होतं आणि तयार होतं.

"थ्या बाहेरगावच्या हायेत," भाऊ म्हणाले. कॉलर अजून देवानंदच्या मुठीत होती, आवाज त्यामुळे चेपलेला येत होता. "त्यायचा काही संबंध नाई. वाट सोड बापा त्यायले, लांब जायचं हाये."

देवानंदने मूठ सोडली नाही. पण तो एक पाऊल बाजूला सरकला, भाऊंनाही सोबत ओढलं, आणि गेटात माझ्यापुरती जागा केली.

"जा ताई," तो म्हणाला.

मी गेले.